कारण : घरगुती अडचण

चिंचवडच्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या पतसंस्थेत मी 22 वर्षं हिशेब बघतेय. आमच्या कर्जाच्या अर्जात एक रकाना असतो, 'कर्जाचे कारण'. पूर्वी तो रकाना वाचला की त्या घरात यंदा काय चाललंय ते कळायचं. मुलीचं लग्न. गावच्या घरावर पत्रे. विहिरीचं खोदकाम. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मुलाची डिप्लोमाची फी. गेली काही वर्षं मात्र तिथे दोनच शब्द फार दिसायला लागलेत : घरगुती अडचण. अर्ज देताना माणूस वर बघत नाही. मग मी ओळखते, क्रेडिट कार्डाचं देणं आहे.

आज ज्याच्याबद्दल लिहितेय त्याला विचारूनच लिहितेय. "लिहा ताई, फक्त नाव नको," म्हणाला. वय 31, सीएनसी मशीनवर आहे, हातात 34,000 पडतात. व्यसन नाही, बाहेरचा नाद नाही, रजा सुद्धा मोजून घेणारा. चौदा महिन्यांत तिसऱ्यांदा कर्ज वाढवून मागायला आला, तेव्हा मी अर्ज बाजूला ठेवला आणि म्हटलं, "बस जरा. मोबाईल काढ."

दोन कार्डं आणि एक कर्जाचं ॲप, मिळून 1,86,000. हे कसं झालं ते सांगताना तो जे पहिलं वाक्य बोलला ते माझ्या डोक्यातून जात नाही. "ताई, मी आजपर्यंत एकही हप्ता चुकवलेला नाही."

कार्डांचा खरंच चुकवला नव्हता. दर महिन्याला मेसेज यायचा, त्यात दोन आकडे : एक एकूण बाकी आणि दुसरा मिनिमम ड्यू, म्हणजे त्या महिन्यात निदान एवढी तरी भरा अशी किमान रक्कम. हा दुसरा आकडा म्हणजेच आपला हप्ता, असं तो दोन वर्षं समजत होता. फ्रिजचा हप्ता असतो, गाडीचा असतो, तसाच हा. भरला की सुटलो. बिलाची पूर्ण फाईल त्याने कधी उघडलीच नव्हती, कारण तिला पासवर्ड लागतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे त्याच बिलावर इशारा छापलेला असतो, की फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षं लांबेल आणि व्याजावर व्याज चढेल. तो इंग्रजी इशारा आम्ही दोघांनी मिळून त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.

मग मी एका पैसे काढायच्या स्लिपच्या मागे त्याला हिशेब मांडून दाखवला. सोपं पडावं म्हणून बाकी 1 लाख धरली. त्याच्या कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे महिन्याचं व्याज 3,500. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, 630. झाले 4,130. मिनिमम साधारण 5 टक्के, म्हणजे याने भरले 5,000. मुद्दल किती कमी झालं? 870 रुपये. वर्षभर एक पैशाचीही नवी खरेदी न करता असेच दरमहा 5,000 भरत गेला, तर 60,000 भरून मुद्दल जेमतेम 13,000 नी खाली येतं. तेच 1 लाख आमच्या संस्थेतून 11 टक्क्यांनी घेतले असते, तर याच 5,000 च्या कपातीत 22-23 महिन्यांत खातं नील.

आणि नवी खरेदी तर चालूच होती. अगोदरची पूर्ण बाकी भरली नाही की कार्डावरच्या खरेदीला मिळणारी ती 45-50 दिवसांची बिनव्याजी मुदत संपते. त्यानंतर आज घेतलेल्या दुधाच्या पिशवीलाही आजपासून व्याज लागतं. हे त्याला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर हे नीट माहीत असलेला माणूस मला संस्थेत फार क्वचित भेटलाय.

मी त्याला म्हटलं, "तुझ्या गावात कुणी साडेतीन रुपये शेकड्याने पैसे देतो म्हणाला, तर घेशील?" तो पटकन म्हणाला, "नाही ओ ताई, खड्ड्यात जाईल माणूस." मग गप्प झाला.

हे मला सगळ्यांना सांगायचंय. आपल्याकडे व्याज शेकड्यात बोलतात, म्हणजे शंभराला महिन्याला किती रुपये. दीड रुपया शेकडा म्हटलं की माणूस विचार करतो, तीन म्हटलं की उठून जातो. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 42 टक्के. आपल्या राज्याच्या सावकारी कायद्यात परवानाधारक सावकाराला शेतकरी नसलेल्या माणसाकडून बिनतारणी कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांच्या वर घेता येत नाही. दामदुप्पट हा तर आपल्याकडचा जुना शब्द, व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये म्हणून. बँकांना यातलं काही लागू नाही. कार्डावर 30 टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली म्हटलं होतं. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 ला रद्द केला. म्हणजे तो आडोसाही गेला. आता आपलं आपणच बघायचं.

आमच्या कारखान्यात बारामती-सुप्याकडची पोरं पुष्कळ आहेत. त्याच सुप्यात 12 मे 1875 ला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातून कर्जरोखे बाहेर काढून जाळले होते. कागदावर काय लिहिलंय ते वाचता न येता त्यांचे अंगठे घेतले जायचे. त्यानंतर शेतकऱ्यांना सावकारांपासून संरक्षण देणारा 1879 चा कायदा आला. आज आमची पोरं आयटीआय, डिप्लोमा, इंजिनीअर झालेली आहेत आणि मोबाईलवर 'मान्य आहे' दाबताना तितकंच वाचतात. मला याचं फार वाईट वाटतं.

अशी गोष्ट निघाली की लोक लगेच म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावेत, आजकालच्या पोरांना चैन हवी. मी 22 वर्षं पगारपत्रकं बघतेय आणि मला हे अर्धंच पटतं. या मुलाने मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला हॉल घेतला, 38,000 घातले, सासरवाडीच्या आधीच्या कार्यक्रमाच्या तोडीचं व्हावं म्हणून. ते चुकलंच, मी त्याला तोंडावर सांगितलं. पण बाकीचं बघा. वडिलांचं दवाखान्याचं डिपॉझिट रात्री अकराला भरलं, कार्डाने. खोलीचं डिपॉझिट वाढलं, ते कार्डातून रोख काढून दिलं, आणि रोख काढली की पहिल्या दिवसापासून व्याज. शिवाय या घराचा सगळा खर्च बसवला होता ओव्हरटाइमवर. ऑर्डर कमी झाल्या, चार महिने ओव्हरटाइम बंद. पगार 7,000 नी खाली आला आणि घर होतं तिथेच राहिलं. मधली फट कार्डाने भरली. घरात कुणाला कळलंही नाही, पगार कमी झालाय म्हणून.

आणि अंथरुणाचं म्हणाल तर मोबाईलमध्ये 'उपलब्ध मर्यादा 1,40,000' असं रोज दिसत असेल, तर माणसाला अंथरूण तेवढंच वाटणार. आमच्या आईची वाण्याकडे वही होती. दोन महिने थकले की वाणी सगळ्यांसमोर म्हणायचा, "वहिनी, मागचं थोडं द्या, मग नवीन लिहितो." आईला ते फार लागायचं. पण वही तिथे थांबायची. इथे दोन महिने मिनिमम भरलं की मेसेज येतो, तुमची मर्यादा वाढवून देतो, होकार कळवा. नियमाप्रमाणे ते विचारतात. अडलेला माणूस होच म्हणतो.

माझ्या डोळ्यांसमोर एक दुपार आहे. थोरल्या बहिणीच्या डीएडच्या ॲडमिशनला 3,000 कमी पडत होते. बाबा मला घेऊन मामांकडे भोसरीला गेले. पोहे झाले, चहा झाला, मामांच्या नव्या शेगडीचं कौतुक झालं. दोन तास बाबा रुमालाची घडी घालत आणि उलगडत बसले होते. शेवटी चपला घालताना, दाराशी, मान खाली घालून बोलले. मामांनी विचारलं, "कधीपर्यंत?" एवढंच. त्यानंतर पाच महिने आमच्या घरी मटण आलं नाही, बाबांनी सायकल काढली, आणि पैसे परत गेले. मागण्याची लाज वाईटच होती, तिच्यापायी बायकांची मंगळसूत्रं गहाण पडलेली मी पाहिलीत. पण त्या लाजेमुळे घरातल्या प्रत्येकाला कर्ज माहीत असायचं. चार माणसांचा हात आखडायचा. कार्डाने ती दाराशीची दोन मिनिटं काढून टाकली. कुणाकडे मागावं लागत नाही, कुणी 'कशाला?' विचारत नाही, 'कधीपर्यंत?' विचारत नाही. आणि म्हणून तो एकटाच ते ओझं वाहतो, बाकीचं घर नेहमीसारखं खर्च करत राहतं. माणसं कार्डात रुततात ती मला वाटतं या एकटेपणामुळे. सुरुवात कशाने का होईना.

म्हणून मी एकच अट घातली. कर्ज देऊ, पण बायकोला घेऊन ये.

तो आठ दिवस आला नाही. नवव्या दिवशी दोघं आले, मुलगी कडेवर. मी तीच स्लिप तिच्यापुढे ठेवली. मला वाटलं रडेल, भांडेल. तिने आकडे नीट वाचले आणि त्याला विचारलं, "दर महिन्याच्या 18 तारखेला तू जेवत नाहीस नीट, ते यामुळे?" 18 तारीख ही बिल भरायची शेवटची तारीख होती. तो हो म्हणाला. मग ती माझ्याकडे वळली, "ताई, माझी भिशी लागणार आहे पुढच्या महिन्यात, 20,000. ती आधी कुठे लावायची?"

ॲपवर लावली, कारण तिथला दर सगळ्यात चढा होता आणि वसुलीवाल्याचा फोन रात्री साडेनऊला यायचा. (रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. नातेवाइकांना, मित्रांना त्रास देता येत नाही. असे फोन येत असतील तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि लेखी तक्रार करा.) दोन्ही कार्डं संस्थेच्या कर्जातून पूर्ण भरली आणि बंद केल्याचं पत्र घेतलं. सेटलमेंट, म्हणजे कमी रकमेत तडजोड, करू दिली नाही, कारण क्रेडिट रिपोर्टवर 'सेटल्ड' शेरा बसला की पुढे घराच्या कर्जाला आडवा येतो. आता पगारातून 6,200 कपात होते. तंगी आहे. मुलीचा दुसरा वाढदिवस घरी केला, शिरा आणि बटाटेवडे. मी गेले होते.

नवा अर्ज भरताना त्याने सवयीने 'घरगुती अडचण' लिहिलं, मग ते खोडून 'क्रेडिट कार्डाची थकबाकी' असं लिहिलं. दोन जामीनदार लागतात, त्यामुळे कारखान्यात त्याच्या विभागातल्या दोघांना त्याला खरं सांगावं लागलं. त्यातल्या एकाने सही केली आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एकटाच माझ्या खिडकीशी आला. "ताई, माझंपण एकदा बघता का?" त्या महिन्यात तसे आणखी दोघे आले.

आमचे सभासद ही पोस्ट वाचत असतील तर सांगते, मी साडेबारा ते दोन ऑफिसातच असते. बिलाची फाईल आणि पासवर्ड घेऊन या. दार लावून बसू.