जाळी की मोटर? शेव्हरवरून कट्ट्यावर झालेली वादावादी

वादाला तोंड फोडलं पक्याने. मोटर रिवाइंडिंग करणारा माणूस, त्याला कुठल्याही यंत्रात आधी मोटर दिसते. "इलेक्ट्रिक शेव्हर घेताना मोटरचा आकडा बघायचा. ज्याचं पातं मिनिटाला १४,००० वेळा हलतं, त्याची दाढी गुळगुळीत. संपला विषय."

"संपला कुठे, आता सुरू झाला," नाना म्हणाले. नानांची सगळी नोकरी निकेल प्लेटिंगच्या हौदांपाशी गेलेली. "पातं कातडीला लागतच नाही, पक्या. मध्ये जाळी असते. केस जाळीच्या भोकातून आत येतो आणि आतलं पातं त्याला भोकाच्या काठावर दाबून कापतं. कात्रीची दोन पाती असतात तशी. तेव्हा मागे किती खुंट राहणार, हे ठरवते जाळीची जाडी."

"जाडी ती किती असणार? कागदाएवढी?"

"कागदाहून कमी. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. छपाईचा साधा कागद १०० मायक्रॉन धर. चांगली जाळी ५०-६० मायक्रॉनची असते, काही तर ४० च्या आसपास. आणि दाढीचा एकेक केस १०० मायक्रॉनच्या पुढे जाड. म्हणजे केसाच्या निम्म्या जाडीचा पत्रा त्या केसाला कापताना धरून ठेवतो."

मास्तरांनी लगेच विचारलं, "मग २० मायक्रॉनची का करत नाहीत? आणखी बारीक दाढी होईल."

"होईल की, कातडीसकट. जाळी दाबली की प्रत्येक भोकातून कातडी घुमटासारखी आत फुगते. भोक साधारण अर्ध्या मिलिमीटरचं. जाळी जितकी पातळ, तितकं त्या घुमटाचं टोक पात्याच्या जवळ. २० मायक्रॉनला पातं केसाबरोबर कातडीचा वरचा थर खरवडून नेईल. दाढीनंतरची लाली आणि आग बहुतेक वेळा इथूनच येते, आणि जोर लावून दाबणाऱ्याला जास्त येते. भोक लहान केलं तर घुमट बसतो, पण मग केसच आत शिरत नाही. जाडी, भोक आणि दाब या तिघांचं भांडण मिटवणं हेच शेव्हरचं खरं इंजिनिअरिंग."

"आणि अशी जाळी पत्र्यात ठोकून भोकं पाडणाऱ्या पंचिंगवर निघत नाही," नाना पुढे म्हणाले. खरं सांगायचं तर संध्याकाळचा सगळ्यात चांगला भाग हाच होता, कारण शेव्हरची जाळी प्लेटिंगच्या हौदात 'वाढवतात' हे आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या गावीही नव्हतं.

रीत अशी. धातूच्या गुळगुळीत साच्यावर, जिथे भोकं हवीत तिथे, वीज न वाहणाऱ्या थराचे ठिपके उमटवायचे. साचा निकेल सल्फामेटच्या, म्हणजे निकेलच्या एका क्षाराच्या द्रावणाच्या हौदात सोडायचा. हौद ५० अंशांच्या आसपास, सामू चारच्या आसपास. करंट सोडला की उघड्या धातूवर निकेल चढतं, ठिपके मोकळे राहतात. हिशोब पक्का आहे: दर चौरस डेसिमीटरला १ अँपिअर दिला तर तासाला १२.३ मायक्रॉन निकेल बसतं. ५ अँपिअर दिले तर ५० मायक्रॉनला साधारण ५० मिनिटं. मग जाळी साच्यावरून सोलून काढायची.

"यात एक खोच आहे. निकेल नुसतं वर चढत नाही, ठिपक्याच्या कडेवरून आडवंही सरकतं. म्हणून ठिपका भोकापेक्षा मोठा ठेवावा लागतो. अर्ध्या मिलिमीटरचं भोक हवं आणि दोन्ही बाजूंनी ५०-५० मायक्रॉन आत येणार असतील, तर ठिपका ०.६ मिलिमीटरचा. करंट जास्त झाला की कडांना निकेल जाड बसतं आणि मधली भोकं एका मापाची राहत नाहीत. सल्फामेटच का? त्यातल्या थरात ताण कमी राहतो. ताण असेल तर जाळी साच्यावरून सुटताक्षणी वळकटी होते."

पक्याला राहवेना. "म्हणजे मोटरचं काहीच काम नाही?"

"मोटरचं काम वेगळं," मास्तर म्हणाले. "जाळी ठरवते किती बारीक. मोटर ठरवते ओढ बसणार की नाही. पातं हळू असेल तर केस कापला जाण्याआधी वाकतो, मग मुळापाशी खेचला जातो. आता तुझाच आकडा घेऊ. मिनिटाला १४,००० फटके म्हणजे ७,००० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला जवळपास ११७. पात्याची धाव अडीच मिलिमीटर धरली तर मधोमध वेग सेकंदाला सुमारे ०.९ मीटर. पण दोन्ही टोकांना शून्य! तिथे पातं थांबून उलटं फिरतं. म्हणून आतली पाती एकच रुंद न ठेवता दाटीवाटीने लावतात. एका पात्याच्या टोकाला सापडलेल्या केसावर शेजारचं भर वेगात येतं."

इथून पक्या आपल्या मुलखात आला. ब्राउनचा १९५० चा एस ५० हा जाळीचा शेव्हर थेट घरच्या विजेवर कंपन करणारा. लोखंडी आर्मेचर, म्हणजे आतला हलता तुकडा, विजेच्या प्रत्येक अर्ध्या फेरीत ओढलं जातं, म्हणजे ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा, कमीजास्त करायची सोय नाही. त्यानंतरचा रुळलेला प्रकार म्हणजे डीसी मोटरच्या दांड्यावर मध्यापासून सरकवलेली खुंटी. खुंटी गोल फिरते, प्लास्टिकच्या लवचीक पुलाची खाच तिला धरून डावी-उजवी हलते. एका फेरीत दोन फटके, म्हणून मिनिटाला १०,००० फटक्यांना ५,००० फेऱ्या पुरतात. झिजते ती पुलाची खाच. मोटर नेहमीसारखी वाजते, पण खडखड येते आणि पात्याची धाव अपुरी पडते. "आवाजावरून कळतं. मोटर बदलायला निघू नका, तो पूल बघा."

१९९५ मध्ये पॅनासॉनिकने लिनिअर मोटर आणली. त्यात दांडा नाही, खुंटी नाही. चुंबकं आणि वेटोळं मिळून पात्याला सरळच पुढे-मागे ढकलतात आणि स्प्रिंग परत फेकते. "झोपाळ्याला जशी लयीवर थाप द्यायची," मास्तर म्हणाले, "तसं स्प्रिंग आणि वजनाच्या नैसर्गिक लयीवरच करंट द्यायचा. १० ग्रॅमचा हलता भाग ११७ हर्ट्झवर नाचवायला स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला साधारण ५.४ न्यूटन लागतो. लय जुळली की थोडक्या विजेत पूर्ण धाव मिळते. पण पात्याखाली केसांचा आणि तेलकटपणाचा चिखल साठला की लय बिघडते आणि धाव कमी होते. म्हणून या शेव्हरला स्वच्छता जास्त लागते."

आतापर्यंत गप्प बसलेल्या संज्याने मध्येच विचारलं, "तुम्ही सगळे जाळीवरच बसलात. गोल चकत्यांचं काय?"

त्याचं म्हणणं रास्त होतं. फिलिप्सचे अलेक्सांद्र होरोविट्झ यांनी फिरत्या पात्याचा शेव्हर केला आणि तो १९३९ मध्ये बाजारात आला. जेकब शिक यांचा सरळ चालणारा शेव्हर अमेरिकेत १९३१ पासून विकला जात होता. फिरत्या प्रकारात वरच्या टोपीला खाचा असतात, आणि मानेवर आडवे पडलेले, तीन दिवस वाढलेले केस गोल भोकापेक्षा खाचेत लवकर शिरतात. १९८० च्या सुमारास फिलिप्सने प्रत्येक पात्यापुढे एक उचलणारी पट्टी बसवली. ती केस किंचित वर ओढते, मग मागचं पातं कापतं आणि उरलेला खुंट कातडीच्या पातळीखाली परत जातो.

"मग तीच चांगली म्हणायची की!" संज्या म्हणाला.

नानांनी मान हलवली. "मानेला, हनुवटीखाली, दोन-तीन दिवसांच्या दाढीला चकती. रोजच्या रोज करणाऱ्याच्या गालाला जाळी. माझं मत विचारशील तर रोज करणाऱ्याने जाळीच घ्यावी. पण एक लक्षात ठेव, टोपी आणि तिच्या आतली चकती एकमेकींवर घासून जोडीने बसलेली असते. धुताना तिन्ही जोड्या बाहेर काढून अदलाबदल केलीस तर जोडी मोडते आणि नव्याने घासून बसेपर्यंत कित्येक दिवस केस ओढले जातात. एका वेळी एकच जोडी काढायची."

मग गाडी नेहमीच्या तक्रारीवर आली: "नवा होता तेव्हा छान कापायचा, आता ओढतो." यावर मात्र तिघांचं एकमत झालं, आणि तो क्रम लिहून ठेवण्यासारखा आहे.

आधी धुवा. जाळी उचलून बाजूला घ्या, आतली पाती ब्रशने झाडा, पण जाळीला आतून ब्रश लावू नका. ब्रशच्या टोकाने ती वाकते. मग कोमट पाणी आणि एक थेंब हात धुण्याचा साबण. बोअरचं जड पाणी असेल तर वाळल्यावर क्षारांची पांढरी पूड भोकांच्या काठावर बसते, म्हणून शेवटचं धुणं गाळलेल्या किंवा आरओच्या पाण्याने. साबणाने तेलही निघून जातं, तेव्हा वाळल्यावर जाळीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, आणि दहा सेकंद चालू ठेवून पसरू द्यायचा. तेल नसेल तर निकेलवर पातं कोरडं घासतं, जाळी तापते, आणि लोक समजतात मोटर तापली.

तरीही ओढत असेल तर जाळी काढून उजेडासमोर धरा. फाटते ती बहुधा टोकाला, जिथे ती वाकून चौकटीत जाते. एक भोक शेजाऱ्यापेक्षा मोठं दिसलं तरी ती जाळी गालाला लावायची नाही, फाटलेला काठ ब्लेडसारखा कापतो. जाळी आणि आतली पाती अनेक कंपन्या दीड वर्षाने बदलायला सांगतात. जुन्या बोथट पात्यावर नवी जाळी घातली तर ती लवकर खराब होते, म्हणून दोन्ही एकत्र बदललेली बरी.

"आणि जाळी-पाती दोन्ही ठीक असतील तर?"

"मग बॅटरी," पक्या म्हणाला. "स्वस्त शेव्हरमध्ये निकेल-मेटल-हायड्राइडचे दोन सेल असतात, १.२ व्होल्टचे, एकामागोमाग जोडलेले. एक सेल आधी थकतो, दुसरा त्याच्यातून करंट ढकलतच राहतो, थकलेल्याचे प्लस-मायनस उलटे होतात आणि तो कायमचा जातो. चार्जिंगचा दिवा लागतो, शेव्हर सुरूही होतो, पण गालाला लावताच मंदावतो. मीटर लावून बघा. शेव्हर चालू असताना एका सेलवर १.१ आणि दुसऱ्यावर ०.५ आला तर निदान झालं. दोन्ही सेल बदला, एकच नको."

"लिथियम असेल तर?"

"तर जुन्याच रसायनाचा, त्याच मापाचा. निकेलच्या चार्जरवर लिथियम सेल लावायचा नाही, तो पेट घेऊ शकतो. आणि सेलच्या डोक्यावर थेट सोल्डर ठेवायचं नाही, आतलं सील वितळतं. पट्ट्या जोडलेले सेल मिळतात, ते घ्यायचे, पट्टीला सोल्डर करायचं. झाकण बसवताना रबरी रिंग खाचेत नीट बसली ना ते बघायचं, तिच्यावर थोडं सिलिकॉन ग्रीस लावायचं. ती पिळली गेली तर पहिल्याच धुण्यात पाणी आत जाईल, मग कोणतंही वॉटरप्रूफ प्रमाणपत्र कामाला येणार नाही."

नाना म्हणाले, "तरी आधी जाळी बघ रे."