डबे संपले, जिना तसाच

आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात हा निरोप तीनदा फिरला: ‘साठीनंतर स्नायू झिजतात. रोज दोन चमचे प्रोटीन पावडर दुधातून घ्या, व्यायामाची गरज नाही. डाळीतलं प्रोटीन म्हातारपणी अंगी लागत नाही. व्हिटॅमिन डी जितकं जास्त तितकं चांगलं.’ पहिलं वाक्य खरं. गोची पुढे आहे.

‘व्यायामाची गरज नाही’ हे सगळ्यात घातक. बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या 100 अशक्त रहिवाशांवरचा अभ्यास 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी वय 87! दहा आठवडे काहींना पायांचे वजनाचे व्यायाम दिले, काहींना नुसतं पूरक पेय, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. व्यायाम केलेल्यांची ताकद 113 टक्क्यांनी वाढली, न केलेल्यांची 3. नुसतं पेय पिणारे होते तिथेच राहिले. आमच्या नानांनीही सहा महिने डबे संपवले, तरी दुसऱ्या मजल्यावर कठडा ओढूनच चढायचे. स्नायूवर भार पडल्याशिवाय त्याला वाढायचं कारणच नसतं.

डाळीचं म्हणाल तर ती अंगी लागते. आपलं वरणच पातळ असतं. उतारवयात वजनाच्या किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ते 72. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, कपभर दुधातही तेवढंच. आता सकाळी चहा-खारी आणि रात्री पेज घेणाऱ्या आजींचा हिशेब करा. दात नसतील, आजारपणाने भूक मेली असेल, तर पावडर जरूर घ्यावी. पण डब्यावर 100 ग्रॅममागचा प्रोटीनचा आकडा वाचून. तो 30 असेल, तर दहा-दहा ग्रॅमचे दोन चमचे म्हणजे एक अंडं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

व्हिटॅमिन डीची कमतरता असेल तर ती भरून काढायचीच. पण ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदम 5 लाख युनिट दिले, तेव्हा त्यांचं पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं. हा निष्कर्ष 2010 चा.

ताकद घरीच बघता येते: भक्कम खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीशी धरून पाच वेळा उठा-बसा. 15 सेकंदांहून जास्त लागले तर डॉक्टरांना सांगा. नानांना आधी 22 लागायचे, फिजिओथेरपीनंतर परवा 16. शेवटी त्यांनी हळूच हात टेकला, तो मी पाहिला नाही असं दाखवलं.