वजन वाढले म्हणून गोळ्या बंद करू नका

इंदूरमधल्या आपल्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक संदेश सध्या फिरत आहे: ‘मनाच्या आजाराची कोणतीही गोळी घेतली की मूल फुगते, डॉक्टर हे लपवतात, गोळ्या बंद केल्या की वजन आपोआप उतरते.’ माझा भाचा सतराव्या वर्षापासून अशी औषधे घेत आहे, म्हणून उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

‘कोणतीही गोळी’ हे चूक आहे. अतिचंचलतेसाठी दिल्या जाणाऱ्या मिथाइलफेनिडेटने उलट भूक मंदावते. सायकोसिसवरील, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचे भान सुटण्याच्या आजारावरील, औषधांनी मात्र वजन खरोखर वाढते आणि ते नाकारण्यात कोणाचेच हित नाही. अशी औषधे प्रथमच घेणाऱ्या ४ ते १९ वर्षांच्या मुलांचा एक अमेरिकन अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ११ आठवड्यांत ओलान्झापीनने सरासरी ८.५ किलो, क्वेटियापीनने ६.१, रिस्पेरिडोनने ५.३ आणि अॅरिपिप्राझोलने ४.४ किलो वजन वाढले. औषध न घेणाऱ्या मुलांचे जेमतेम ०.२ किलो. ही औषधे मेंदूतील हिस्टामिन व सेरोटोनिन या रसायनांचे संदेश टिपणाऱ्या ज्या ग्राहींना अडवतात, त्यांवर भूक शमण्याची जाणीव अवलंबून असते. त्यामुळे सकाळी दोन प्लेट पोहे-जिलबी खाऊनही तासाभरात पुन्हा भूक लागलेल्या मुलाला ‘जिभेवर ताबा ठेव’ असे सुनावणे हा अन्याय आहे.

लपवण्याविषयी म्हणाल, तर हा परिणाम औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेला असतो. सुरुवातीला वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी रक्तातील साखर आणि चरबी तपासावी, तसेच ४, ८ आणि १२ आठवड्यांनी पुन्हा वजन घ्यावे, असे अमेरिकेतील मधुमेह व मनोविकार संघटनांनी २००४ सालीच सांगितले आहे. दोष आहे तो न मोजण्याचा. आमच्या भाच्याला पहिले चार महिने कोणी वजनकाट्यावर उभे केले नाही आणि आम्हीही, पँटची बटणे लागेनाशी होईपर्यंत, विचारले नाही.

सर्वांत घातक आहे तो गोळ्या बंद करण्याचा सल्ला. पहिल्या सायकोसिसनंतर औषध सोडणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका जवळजवळ पाचपट आढळला आहे. चढलेले वजन गोळी थांबताच पूर्वीइतके होईल याची खात्रीही नाही. शिवाय आजार उलटला तर नव्याने, कधी अधिक मात्रेने, उपचार सुरू करावे लागतात.

उपाय सुरुवातीपासून करता येतो. सिडनीतील बोंडाय येथे १४ ते २५ वर्षांच्या रुग्णांना औषधाबरोबरच आहारतज्ज्ञ व व्यायाम-मार्गदर्शक मिळाले, तेव्हा १२ आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी १.८ किलो वाढले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे ७.८ किलो. म्हणून पुढच्या भेटीत वजनाच्या नोंदींची वही बरोबर न्यावी आणि कमी वजन वाढवणारे औषध किंवा जोडीला मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील औषध चालेल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. आमच्या भाच्याचे औषध अशाच एका भेटीत, हळूहळू मात्रा बदलत, बदलले गेले.