खेचरावर सुटलेली सोयरीक

वाद सुरू झाला नावावरून. कुर्द दिग्दर्शक बहमन गोबादीच्या २००० सालच्या 'अ टाइम फॉर ड्रंकन हॉर्सेस' या सिनेमाच्या फारसी नावात दारू प्यालेले घोडे आहेत, पडद्यावर मात्र खेचरं. बंड्या म्हणाला, "घोडा काय, खेचर काय!"

"असं कसं?" नाना सरसावले. "ट्रकचे टायर लादून बर्फातून चोरून इराण-इराक सीमा ओलांडायची तर खेचरच हवं. त्या कुर्द गावात खेचर म्हणजे घरची पुंजी. ते ध्यानात घेतल्याशिवाय रोजीनचं लग्न कळायचं नाही."

आईबाप गेलेली भावंडं. रोजीन थोरली, अयूब तिचा धाकटा भाऊ. मादी नावाचा दुसरा भाऊ खुजा, आजारी; ऑपरेशन झालं नाही तर थोड्या दिवसांचा सोबती. चुलता इराकातलं स्थळ आणतो. अट एकच, सासरच्यांनी मादीचं ऑपरेशन करायचं. वरात बर्फातून निघते, आणि वाटेत नवऱ्याची आई मादीला बघून साफ नाही म्हणते. बदल्यात एक खेचर देते.

"सरळ हुंडा," बंड्या.

"उलटा धरलास," शैला म्हणाली. "हुंडा मुलीकडचे देतात, हे देज. आपल्याकडेही कित्येक जातींत होतं. कुर्दांत आईच्या दुधाचं मोल वेगळं, शीरबायी म्हणतात. आणि देज परवडत नसेल तर साटंलोटं, दोन घरांनी एकमेकांच्या मुली करायच्या. त्याचा धोका हा की एक जोडपं फाटलं की दुसरं, सुखात नांदत असलं तरी, मोडायला लावतात."

"मग त्याच वर्षीच्या समीरा मखमलबाफच्या 'ब्लॅकबोर्ड्स' सिनेमात मास्तर लग्नात देतो तो फळा? तोही देजच?"

"तो मेहेर! देज माहेरच्या हातात पडतं, मेहेर बायकोचा स्वतःचा. त्या मास्तराकडे पाठीवरच्या फळ्याशिवाय काहीच नसतं, म्हणून निकाहात फळाच लावतो. सीमेवर तलाक होतो तेव्हा फळा तिच्या पाठीवर जातो. निदान काहीतरी घेऊन ती पलीकडे जाते. रोजीनच्या हातात काय?"

त्या सिनेमात दुसरा मास्तर खुद्द गोबादीच झालाय, हे नानांनी मध्येच घुसवलं.

"पण नवऱ्याच्या आईनं भरपाई दिली ना?" बंड्या हटेना.

"ठरलं होतं ऑपरेशन, मिळालं जनावर. आता ते विकून पैसा उभा करायचा कोणी? अयूबनं, पोरानं. आणि मुलगी परत आणावी तर मादीसाठी खेचरसुद्धा नाही."

यावर बंड्या गप्प. मग दारूचा विषय निघाला. थंडीत खेचरं चालावीत म्हणून पाण्यात दारू घालतात. नानांचं म्हणणं, इथेच गोम आहे: दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या सैल होतात, वरून ऊब वाटते, पण अंगातली उष्णता भराभर बाहेर जाते. मात्रा जरा जास्त झाली की पाय लटपटतात. छाप्यात गोळ्या सुटतात तेव्हा खेचरं ओझ्यासकट बर्फात बसलेली, उठतच नाहीत. दोर सोडून टायर उतारावर सोडून द्यावे लागतात. अयूब आपल्या खेचराला उठवत राहतो, ते दृश्य बघवत नाही.

"मग ऑपरेशन होतं का?"

"काटेरी तार ओलांडली की सिनेमा संपतो."

"आणि रोजीन?"

"ती त्या वरातीनंतर दिसतच नाही," शैला म्हणाली, आणि चहाचे पैसे द्यायला उठली.