पाच अक्ष म्हणजे आणखी दोन मोटर नव्हेत

लाकूडकामासाठी घरच्या घरी सीएनसी यंत्र (संगणकाच्या आज्ञेने कटर चालवणारे यंत्र) बांधण्याविषयी एक दावा सर्वत्र फिरत असतो. आडव्या, पुढे-मागे आणि वर-खाली अशा तीन अक्षांवर सरकणाऱ्या यंत्राला आणखी दोन मोटर जोडल्या की ते कटर कलवणारे, म्हणजे पाच अक्षांचे होते, त्याची अचूकता मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजता येते आणि सांगाडा लेचापेचा असला तरी फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) कमी ठेवून काम भागते, असे त्यात सांगितलेले असते. या भरवशावर कोणाची कित्येक महिन्यांची मेहनत वाया जाऊ नये, असे मनापासून वाटते.

अचूकतेचा आकडा असा काढतात: १.८ अंशांची स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी मोटर) एका फेऱ्यात २०० पावले टाकते, १६ पट मायक्रोस्टेपिंगने, म्हणजे प्रत्येक पावलाचे १६ भाग केल्याने, त्यांची ३,२०० होतात आणि एका फेऱ्यात ५ मिमी सरकवणाऱ्या बॉलस्क्रूवर (मोटरने फिरणाऱ्या आट्यांच्या दांड्यावर) एका पावलाला सुमारे ०.००१६ मिमी येतात. हिशेब बरोबर आहे, पण तो आज्ञेचा आहे. कटर तिथे पोहोचलाच, असे त्यावरून म्हणता येत नाही. डायल गेजचे (काट्याने बारीक हालचाल दाखवणाऱ्या मापकाचे) टोक स्पिंडलच्या, म्हणजे कटर फिरवणाऱ्या भागाच्या, नाकाशी टेकवून गॅन्ट्री (स्पिंडल वाहणारा आडवा सांगाडा) हाताने जरा दाबून पाहावी. काटा जितका सरकेल तितकी चूक कापतानाही होणार, मग मोटर कितीही बारीक पावले टाको. शिवाय लाकूड स्वतः स्थिर नसते. त्यातील ओलावा एका टक्क्याने बदलला, तर अनेक जातींची १०० मिमी रुंदीची फळी रेषांच्या आडव्या दिशेने पाव मिलिमीटरच्या आसपास फुगते किंवा आकसते.

फीड कमी करण्याचा उपाय तर उलटाच पडतो. मिनिटाला १८,००० फेरे आणि दोन धारांचा कटर असताना प्रत्येक धारेने ०.१ मिमी लाकूड घ्यायचे, तर फीड मिनिटाला ३,६०० मिमी लागतो. तो ६०० वर आणला की धार कापण्याऐवजी घासू लागते, लाकूड करपते आणि कटर बोथट होतो. यंत्र नाजूक असेल तर कापाची खोली कमी करावी.

आता अक्षांचा मुद्दा, आणि माझ्या मते खरी फसगत इथेच होते. स्पिंडल कलला की कटरचे टोक कमानीत फिरते, म्हणून ते जागेवर ठेवण्यासाठी बाकीच्या अक्षांना त्याच क्षणी सरकावे लागते. त्यासाठी कंट्रोलरला (मोटरना आज्ञा देणाऱ्या भागाला) कलण्याच्या केंद्रापासून टोकापर्यंतचे अंतर ठाऊक हवे. ते मोजताना अर्धा मिलिमीटर चुकला, तर ९० अंशांत कललेले टोक आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही दिशांना अर्धा मिलिमीटर चुकते. तेच अंतर १५० मिमी असताना गिअरमध्ये ०.१ अंशाची ढिलाई असली, तरी टोक सुमारे ०.२६ मिमी हलते. अर्डुइनो ऊनो या छोट्या सर्किट बोर्डवर चालणारे मूळ ग्रबल हे नियंत्रण सॉफ्टवेअर तीनच अक्षांसाठी लिहिलेले असल्याने हे गणित करत नाही. लिनक्ससीएनसी या संगणकावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय आहे, पण यंत्राची मापे त्यालाही आपणच मोजून द्यावी लागतात.

ज्यांना एकाच ठोकळ्यावर निरनिराळ्या बाजूंनी काम करायचे आहे, त्यांपैकी बहुतेकांना पाचही अक्ष एकाच वेळी फिरायला नकोच असतात. हवा तो कोन साधून फिरते अक्ष पिनेने घट्ट जखडावेत आणि नेहमीच्या तीन अक्षांनी कापावे. कापतानाचा जोर मग गिअरवर न येता पिनेवर येतो आणि गिअरची ढिलाई कापात उतरत नाही.