घरची शाळा, शाळेचं घर

मुलांना शाळेत घालायचंच कशाला, हा विचार आमच्या घरात पहिल्यांदा मांडला तो नवऱ्याने, आणि नेमका पुढच्या वर्षाच्या फीचा मेसेज आला त्या संध्याकाळी. मोठमोठी शैक्षणिक तत्त्वज्ञानं बहुधा अशीच जन्माला येत असावीत. "घरीच शिकवू. होमस्कूलिंग! पुण्या-मुंबईत कितीतरी लोक करतात," तो म्हणाला. यातल्या 'शिकवू'चा कर्ता कोण, हे मला ऐकताक्षणीच कळलं होतं.

पुरावा म्हणून त्याने चिरंजीवांचं दप्तर वजनकाट्यावर ठेवलं. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं असं 2020 च्या केंद्राच्या दप्तर-धोरणात म्हटलंय. म्हणजे आमच्या चोवीस किलोच्या ऐवजाला 2.4 किलोचं दप्तर. काटा साडेचारावर गेला. "बघ, व्यवस्था मुलांचा कणा मोडते!" मी दप्तर उपडं केलं. पुस्तकं निघाली, दोन बाटल्या निघाल्या, शिवाय कुणाचं तरी जर्किन, गाभुळलेल्या चिंचा, एक दगड ("तो लकी आहे") आणि बुरशीने हिरवागार झालेला ठेपला. व्यवस्थेच्या वाट्याला फार तर निम्मं वजन आलं.

मग कायदा. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य, असं त्याचं दहावं कलम सांगतं. घरी शिकवणाऱ्यांचं नाव त्यात कुठेच नाही, त्यामुळे प्रकरण अधांतरीच. परीक्षेचं काय, तर केंद्राचं मुक्त विद्यालय आहे, वयाची चौदा वर्षं झाली की तिथून दहावीला बसता येतं. आपल्या बोर्डाचा, बाहेरून परीक्षेला बसायचा, सतरा नंबरचा फॉर्मही आहे, पण त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. म्हणजे सोडण्यापुरती तरी शाळा धरायला हवीच.

"मालविका जोशी आठवते?" नवरा हटेना. "मुंबईची मुलगी, दहावी-बारावी काही नाही, प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडची तीन पदकं, आणि 2016 मध्ये थेट अमेरिकेतली एमआयटी!"

सासूबाई भाजी निवडत होत्या. "अरे, पण ती हुशार होती," त्या म्हणाल्या. आम्ही तिघांनीही चिरंजीवांकडे पाहिलं. ते रिमोटमधली बॅटरी काढून चाटत होते.

शेवटी मे महिन्याच्या सुट्टीत रंगीत तालीम करायचं ठरलं. फ्रिजवर वेळापत्रक लागलं. गणित-विज्ञान नवऱ्याकडे, इतिहास सासऱ्यांकडे, उरलेले सगळे विषय माझ्याकडे. डबाही माझ्याकडेच, कारण मधली सुट्टी झाली की डबा हवाच, असं धाकटीने बजावलं. स्वयंपाकघरात भरलेला डबा बाहेरच्या खोलीत नेऊन खायचा!

सासऱ्यांनी शिवचरित्र घेतलं. महाराजांच्या आधी शहाजीराजे, शहाजीराजांच्या आधी मालोजीराजे, असं करत ते वेरूळला जे पोचले ते तिथेच रमले. चिरंजीव दर दहा मिनिटांनी विचारत, "आजोबा, अफझलखान कधी येणार?" आजोबा म्हणत, "घाई करू नकोस. आधी निजामशाही नीट समजून घे." आठवडा संपला तरी महाराजांचा जन्म व्हायचाच होता.

धाकटी मात्र शाळेत फारच रमली. स्वतःच्याच घरात करंगळी वर करून परवानगी मागू लागली. मला 'मिस' म्हणू लागली, आणि ते जेवणाच्या ताटापर्यंत टिकलं. "मिस, अजून एक पोळी. मिस, दादा माझ्या वरणात बघतोय." नवऱ्याच्या गणिताच्या तासाला ऑफिसचा कॉल यायचा, मग त्या वर्गाची बदली शिक्षिकाही मीच. वजाबाकी मी मला शिकवली होती तशी शिकवली, तर चिरंजीव म्हणाले, "आमच्या टीचर असं करत नाहीत." आम्ही ज्यांच्या तावडीतून त्याला सोडवणार होतो, त्याच या टीचर!

माझी एक मैत्रीण मुलाला खरंच घरी शिकवते, आणि उत्तम शिकवते. ती म्हणाली, "अगं, वेळापत्रक कशाला लावलंस? तो पोरगा काय विचारतो त्याच्या मागे जायचं." गेले. तो विचारत होता, पालीची शेपटी तुटल्यावर तिला कळतं का. उत्तर शोधता शोधता आमची दुपार छान गेली हे खरं, पण माझी ऑफिसची मीटिंगही गेली.

आणखी एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. मुलाचं अक्षर वाईट, तर शाळा लक्ष देत नाही. शिवी शिकला, तर शाळेत शिकला. खापर फोडायला असं हक्काचं डोकं समोर असणं ही केवढी सोय आहे! घरीच शाळा काढली तर पालकसभेत मी कुणावर डाफरणार? त्या फीतले निम्मे पैसे मी यासाठीच भरते.

निर्णय अजून झालेला नाही, पण बातमी सोसायटीभर झाली आहे. काल दुसऱ्या मजल्यावरच्या काकू आल्या. "ऐकलं, तुम्ही घरीच शाळा सुरू करताय. फार छान! आमच्या नातवाला घ्याल ना? खालीच राहतो, व्हॅनचाही खर्च नाही." मी तोंड उघडायच्या आत नवऱ्याने लॅपटॉपमधून मान वर केली.

"घेऊ की काकू," तो म्हणाला. "फी वर्षाची एकदम भरणार, की तिमाही?"