काळा गूळ, पिवळा गूळ

पुण्याहून आतेबहिणीचा फोन. "दादा, येताना तिकडचा गूळ आण. पण काळा आण बरं का, तो केमिकलवाला पिवळा नको."

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात गेलो. दुकानदारानं काळाकुट्ट गूळ पुढं केला. वर 'सेंद्रिय'ची चिठ्ठी, भाव पिवळ्याच्या जवळजवळ दुप्पट. खडा तोंडात टाकला तर करपट, आणि गिळल्यावर जिभेवर खारट. असला गूळ आमच्या आजोळी काहिलीतून, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईतून, निघाला असता, तर आज्जानं गूळ शिजवणाऱ्या गुळव्याला त्याच दिवशी हिशेब करून घरी धाडलं असतं.

'लहानपणीची चव कुठं हरवली' छापाच्या पोस्ट हल्ली रोज दिसतात. मीही लाइक करतो. पण गुळाच्या बाबतीत तरी ती हरवलेली नाही. आपणच बाजारात ती सोडून रंग मागितला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आजोळ भोगावतीकाठी, करवीर तालुक्यात. दिवाळी झाली की मामाचं गुऱ्हाळ पेटायचं. वास वेशीवरच गाठायचा. आता सगळे त्याला 'गोड वास' म्हणतात, तसलं काही नव्हतं. चुलवाणात जळणाऱ्या चिपाडाचा धूर, झाऱ्यानं काढून बाजूला टाकलेल्या मळीचा आंबूस दर्प, त्यावर घोंगावणाऱ्या गांधीलमाश्या, आणि वारा फिरला की मधूनच अंगावर येणारी उकळत्या रसाची वाफ. शर्टातला तो वास दोन धुण्यांनीही जात नसे. वर्गातली पोरं नाक मुरडायची.

गुळव्याला आम्ही तात्या म्हणायचो. मळी वर यावी म्हणून तो रानभेंडी ठेचून तिचं बुळबुळीत पाणी रसात सोडायचा. अडीच-तीन तास रस आटला, बुडबुडे जड झाले, की खरी गंमत. तात्या बोटं गार पाण्यात बुडवायचा, तीच सरळ उकळत्या पाकात घालायचा, चिमूटभर उचलून परत पाण्यात. पाक तेव्हा 118 अंशांच्या आसपास असतो, हे मला पुढं कॉलेजात कळलं. तात्याला आकडा ठाऊक नव्हता, त्याचं काही अडलंही नाही. बोटांत गोळी वळायची, ती तो काहिलीच्या काठावर मारायचा. 'टक्' वाजली की ओरडायचा, "चला रं, उतरवा!"

वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या खळग्यात, ओतलेल्या गुळाभोवती आम्ही उसाची कांडकी घेऊन टपलेले. "थांब लेका, जीभ भाजंल," असं कोणी म्हणेपर्यंत ती भाजलेली असायची.

त्या गुळाचा रंग? ना काळा, ना पिवळा. तांबूस, सोनेरीकडं झुकणारा. नदीकाठच्या रानातला उजळ, खारवट जमिनीतला काळपट आणि चवीलाही खारट. म्हणजे काळा तो शुद्ध, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो.

आता बाजाराचं. कोल्हापूरचा गुळाचा व्यापार काल-परवाचा नाही. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी वसवली ती व्यापारासाठीच, आणि गुळानं ती वाढवली. पुढं सौदे मार्केट यार्डात आले. एकदा मामाबरोबर गेलो होतो. तीस-तीस किलोचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, ओळीनं मांडलेले. व्यापारी यायचे, रवा फोडायचे, रंग बघायचे, बोली लावायचे. चाखणारा त्या दिवशी मला एकही दिसला नाही. शेजारच्या शेतकऱ्याचा हायड्रॉस पावडर, म्हणजे रंग उजळवणारं रसायन, मारलेला गूळ पिवळाधमक. मामाचा भेंडीवर काढलेला तांबूस. क्विंटलमागे चांगलाच फरक पडला. परतताना मामा गाडीत एक शब्द बोलला नाही. पुढच्या हंगामात चुलवाणाजवळ पांढऱ्या पावडरीचा डबा दिसला. त्याबद्दल मी कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही.

गंमत म्हणजे त्या पावडरीचा रंग टिकतही नाही. चार महिन्यांत गूळ पुन्हा काळवंडतो. पण सौद्याच्या दिवशी तेवढा पुरतो.

आणि मामाला नावं ठेवणारा मी कोण? संक्रांतीच्या पोळ्यांना आमची आईसुद्धा दुकानात पिवळाच रवा बोटानं दाखवायची. "पाहुण्यांना वाढायचंय, काळी पोळी कशी दिसंल?" आजोळच्या गुळाची ढेप घरात असताना!

2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. छाती फुगली, खोटं कशाला बोलू. पण मामाचं गुऱ्हाळ त्याच्या आधीच थंड झालं होतं. कारखाना ऊस तोडून नेतो, बिल बँकेत जमा होतं. इकडं रात्रभर जाळ घालायला माणूस मिळत नाही. काहिल भंगारात गेली, आता त्या शेडमध्ये ट्रॅक्टर उभा असतो.

शेवटी लक्ष्मीपुरीतलं ते 'सेंद्रिय' तिथंच ठेवलं आणि मामेभावाला विचारून एका चालू गुऱ्हाळावर गेलो. आधण उतरेपर्यंत दोन तास बसलो, जीभ या वयातही भाजली, आणि पाच किलो गूळ घेऊन पुण्याला गेलो. बहिणीनं पिशवी उघडली, रवा उजेडात फिरवून फिरवून बघितला.

"दादा, हा काळा पण नाही, पिवळा पण नाही. मग चांगला कशावरून?"

म्हटलं, "आधी चहा टाक. आणि दूध गॅस बंद केल्यावर घाल, नाहीतर फाटलं की माझ्या नावानं ओरडशील."